नंदू पाडव्यापर्यंत इथेच राहील

गावभाग, सांगली

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

दिवाळी उरकून नंदू परत येईल म्हणून त्याची गादी उन्हात घातल्याचे आईने फोनवर सांगितले, तेव्हा माझ्याच्याने खरे बोलवले नाही, म्हणून हे पत्र. तो गुढीपाडव्यापर्यंत माझ्याकडेच राहील. तुम्हाला न विचारता ठरवले याची मला टोचणी आहे. पण विचारले असते तर बाबा नुसते गप्प झाले असते आणि मला ठरवताच आले नसते.

त्याचे वजन ८१ किलो भरले, उंची जेमतेम पाच फूट. म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ३५ आणि आपल्या लोकांत २५ पासूनच लठ्ठपणा धरतात. रक्त तपासले तर थायरॉईडचे काम मंदावलेले निघाले. नंदूसारख्या जन्मतः डाउन सिंड्रोम असलेल्यांत हे पुष्कळदा आढळते, म्हणून ती तपासणी नियमित करायची असते. आपल्याला मात्र मागे 'अशी मुले सुस्तच असतात' एवढेच सांगून घरी पाठवले आणि आपणही ते मानून घेतले. शिवाय बुटक्या बांध्याच्या, ढिल्या स्नायूंच्या शरीराला मुळात ऊर्जा कमी लागते, त्यामुळे आपल्याइतके जेवणही त्याला जास्तच होते. घोरता घोरता त्याचा श्वास मध्येच अडतो, त्याची तपासणीही व्हायची आहे.

आई, यात तुझ्या हाताचा दोष नाही. त्याला बोलून दाखवता येत नाही, म्हणून तो रडला की लाडू आणि कंटाळला की चिवडा, असे उत्तर आपण सगळ्यांनीच दिले. मीही सुट्टीला आले की दिले. बाबा, राजवाड्यावरून परतताना तुम्ही त्याला रोज कंदी पेढा घेत होता. मला तो पहिला नंबर आल्यावरच मिळायचा, याचा लहानपणी मला केवढा राग होता! ज्या दिवशी शाळेने त्याला घ्यायचे नाकारले, त्या संध्याकाळपासून तो पेढा सुरू झाला, हे मला फार उशिरा कळले.

तो इथे उपाशी नाही. भाकरी, उसळ, ताक आणि त्याचा वरण-भात, सगळे चालू आहे. आजीची कडेला चेपलेली वाटी मी त्याच्या हातात दिली आहे. तीत तो स्वतः भात भरतो, वरून अंगठ्याने सपाट करतो, मला दाखवतो आणि मगच ताटात उपडी करतो. परवा मी दीड वाटी वाढून घेतली, तर त्याने माझ्या ताटातला जास्तीचा भात मुकाट्याने पातेल्यात परत टाकला. सकाळी आम्ही गणपती मंदिरापासून आयर्विन पुलापर्यंत चालतो. पाच आठवड्यांत दोन किलो उतरले. गोधडी तुमचीच आहे, रेडिओही उशाशी आहे.

आता मी सांगते ते ऐका. फोन संध्याकाळी सातला करा, जेवणाच्या वेळी नको, आणि 'तुझा पेढा ठेवलाय' असे म्हणू नका. एसटीने डबा पाठवू नका. मला तो लपवावा लागेल आणि त्याच्यापासून मला काही लपवता येत नाही. तो परत आल्यावर थायरॉईडची गोळी रोज पहाटे उपाशीपोटी द्यायची आणि चहा त्यानंतर तासाने. आईने हे आत्ताच कॅलेंडरवर लिहून ठेवावे. आणि बाबा, नंदू नाही म्हणून तुम्ही राजवाड्यापर्यंतची फेरी बंद केल्याचे शेजारच्या काकूंनी सांगितले. ती बंद करायची नाही.

संक्रांतीला दोघेही या. तिळगूळ आणा, त्याच्यापुरती एकच वडी. येताना आईचे गुडघ्याचे तेल विसरू नका. काल त्याला पेरू दिला, तर त्याने तो मोडून मोठा तुकडा खिडकीत ठेवला आणि 'बाबा' म्हणाला. मुंग्या लागेपर्यंत मी तो हलवला नाही.

तुमची,
ताई (नंदूची)