विरोधी पक्षनेतेपद नियमात बसवा

संपादक महोदय,

डिसेंबर २०२५ चे नागपूर अधिवेशन दोन्ही सभागृहांत विरोधी पक्षनेत्याविना उरकले. आमच्या कोल्हापूर जिल्ह्याने २०२४ मध्ये विधानसभेच्या दहाच्या दहा जागा महायुती आणि तिच्या समर्थकांना दिल्या. कौल मान्यच आहे. पण शक्तिपीठ महामार्गाला जमीन द्यायची नाही म्हणणाऱ्या इथल्या शेतकऱ्याची बाजू विरोधी बाकांवरून मांडायला विधानसभेत जिल्ह्याचा एकही आमदार नाही. अशा वेळी विरोधी पक्षनेता लागतोच.

विधानसभेत आड येते ती दहा टक्क्यांची अट. २८८ च्या सभागृहात २९ आमदार हवेत. ठाकरे गटाचे निवडून आले २०, काँग्रेसचे १६, शरद पवार गटाचे १०. ही अट राज्यघटनेत कुठेही नाही. ती मावळंकर लोकसभेचे अध्यक्ष होते तेव्हापासूनचा संकेत. दिल्लीत २०१५ मध्ये ७० पैकी अवघे तीन आमदार असलेल्या भाजपला हे पद मिळालेच की! म्हणजे सगळे अध्यक्षांच्या मर्जीवर.

तोड आपल्याच कायद्यात आहे. माहिती आयुक्तांच्या निवड समितीत मुख्यमंत्र्यांबरोबर विधानसभेतला विरोधी पक्षनेता असतो. तसा मान्यताप्राप्त नेता नसेल तर विरोधातल्या सर्वांत मोठ्या गटाचा नेता धरावा, असे २००५ चा माहिती अधिकार कायदा सांगतो. हेच कलम विधिमंडळाच्या नियमांत घाला आणि पहिल्या अधिवेशनातच निर्णय देण्याचे बंधन अध्यक्ष-सभापतींवर ठेवा.

आज हे पद मागणारेही धुतल्या तांदळासारखे नाहीत. जुलै २०२१ मध्ये सत्ता त्यांची होती, तेव्हा भाजपचे १२ आमदार वर्षभरासाठी निलंबित झाले. जानेवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते निलंबन रद्द केले, कारण चालू अधिवेशनापलीकडे आमदाराला बाहेर ठेवता येत नाही. गोंधळ घालणाऱ्याला जरूर बाहेर काढा, पण तेवढ्यापुरतेच.

आज बदल केला तर विरोधकांवर मेहेरबानी केल्यासारखे होईल, असे सत्ताधाऱ्यांना वाटत असेल तर तो पुढच्या विधानसभेपासून लागू करा. तेव्हा कोण कुठल्या बाकावर बसेल हे आज कोणालाच ठाऊक नाही, त्यामुळे नियम समितीत एकमत व्हायलाही फारशी अडचण येऊ नये.

— एक मतदार, राजारामपुरी, कोल्हापूर