टक्केवारीसोबत प्रत्यक्ष आकडाही छापा

महोदय,

तापाच्या साथीत सीबीसीचा, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीचा रिपोर्ट हाती आला की पहिली नजर जाते प्लेटलेटवर. डेंगीने लावलेली सवय! फ्लू किंवा कोविडमध्ये आजार कुठे वळतोय, याचा अंदाज मात्र लिम्फोसाइट आणि न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींवरून अधिक येतो. अडचण अशी की अनेक लॅब त्यांची नुसती टक्केवारी छापतात.

समजा, एकूण पांढऱ्या पेशी ३,२०० आणि लिम्फोसाइट ३० टक्के. मर्यादा २० ते ४० टक्के, त्यामुळे सगळे ‘नॉर्मल’. गुणाकार केला तर लिम्फोसाइट भरतात ९६०. प्रौढांत १,०००च्या खालचा आकडा सावध करणारा. उलट एकूण ११,००० आणि लिम्फोसाइट १८ टक्के असतील तर पुढे ‘कमी’ असा शेरा पडतो, पण पेशी असतात १,९८०, म्हणजे पुरेशा. यंत्र दोन्ही आकडे काढतेच, छापायचा तेवढा आळस.

न्यूट्रोफिलला लिम्फोसाइटने भागले की एनएलआर मिळतो. निरोगी प्रौढात तो साधारण १ ते ३ असतो. कोविडकाळात ३.५च्या वर गेला की घरचे हवालदिल व्हायचे. एकट्या आकड्यावर एवढी भिस्त बरी नव्हे. विषाणूच्या तापात सुरुवातीला लिम्फोसाइट उतरतातच. आठवडा होत आला तरी ते सावरत नसतील आणि न्यूट्रोफिल चढत असतील, तर काळजी. म्हणून डॉक्टरांनी फेरतपासणी सांगितली तर ती शक्यतो त्याच लॅबमध्ये करावी. बोटावरच्या यंत्रात ऑक्सिजन ९४ टक्क्यांच्या खाली असेल तर मात्र रिपोर्टची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

स्टेरॉइड सुरू असेल तर गणित बिघडते. डेक्सामेथासोनसारख्या स्टेरॉइडने रक्तवाहिन्यांच्या भिंतीला चिकटलेले न्यूट्रोफिल सुटून प्रवाहात येतात आणि लिम्फोसाइट घटतात. आजार न वाढताही एनएलआर फुगतो. लॅबच्या फॉर्मवर तापाचा कितवा दिवस आणि स्टेरॉइड चालू आहे का, एवढे तरी लिहावे. चार-पाच वर्षांखालील मुलांत मुळातच लिम्फोसाइट जास्त असतात, त्यांना मोठ्यांचा निकष लावूच नये.

आता प्लेटलेटबद्दलही. जांभळ्या झाकणाची नळी रक्त घेताच आठ-दहा वेळा अलगद उलटसुलट केली नाही, तर गुठळ्या होऊन आकडा खोटा कमी येतो. काहींच्या रक्तात त्या नळीतल्या, रक्त गोठू न देणाऱ्या रसायनानेच प्लेटलेटचे पुंजके होतात. काचपट्टीवर ते दिसतात. अशा वेळी निळ्या झाकणाच्या नळीत नमुना घ्यावा आणि त्यातल्या द्रवाने रक्त पातळ होत असल्याने आलेला आकडा १.१ने गुणावा.

– एक पॅथॉलॉजिस्ट, नाशिक