हत्तीतला तुझा अर्धा हिस्सा

प्रिय सुध्या,

तुझ्या दोन पत्रांची उत्तरं माझ्याकडे थकली आहेत, हे मला माहीत आहे. तेव्हा आधी काय रागवायचं ते रागावून घे आणि मग पुढे वाच. थोडा राग शिल्लक ठेवलास तर बरं, कारण पुढे आणखी एक कारण येणार आहे.

तब्येत बरी आहे. रक्तदाबाची गोळी अर्ध्याची एक झाली. कान तपासून घेतले, उजव्या कानाचा आलेख 8000 हर्ट्झपाशी घसरगुंडीसारखा उतरतो. असो.

हत्ती, आपला जुना सीडी प्लेअर, थकलाय रे. गेले काही महिने असं चाललंय की ट्रे आत घेतो, दोन-तीनदा घरघरतो आणि पडद्यावर लिहितो, ‘डिस्क नाही’. डिस्क असते! मीच ठेवलेली असते! कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून भिंग पुसलं, तर आठ दिवस गुणी मुलासारखा वागला. मग पुन्हा तेच. आणि सुरू झालाच, तर शेवटच्या ट्रॅकला अडखळतो. सीडी आतून बाहेर वाचली जाते. सुरुवातीला मिनिटाला 500 च्या आसपास फेरे, काठाशी पोचेपर्यंत 200. काठाकडे तबकडीचा डगमगाटही जास्त, तिथे गेला की याचा पाय घसरतो. आणि भैरवी नेमकी शेवटी असते. गेल्या कित्येक रात्री मी भैरवीशिवाय झोपतोय.

दुरुस्तीवाल्याने झाकण उघडून बराच वेळ नुसतं बघितलं. म्हणाला, लेझर म्हातारा झाला. हा डुलत्या दांड्यावरचा लेझर आता कुणी बनवत नाही, दुसऱ्या एखाद्या मेलेल्या मशीनमधून काढून आणावा लागेल, आणि तो तरी कितपत तरुण असेल? मग हळूच म्हणाला, हवं तर करंट थोडा वाढवून देतो. मी नको म्हटलं. विझत्या दिव्याची वात वर करण्यातला प्रकार, चार दिवस उजेड जास्त आणि मग कायमचा अंधार.

तर प्रश्न असा आहे की, नवं घ्यायचं की नाही. एरवी मी तुला विचारलं नसतं, पण दुकानदार हत्ती बदल्यात घ्यायला तयार आहे, आणि हत्तीत अर्धे पैसे तुझे आहेत. तुझी बदली झाली तेव्हा तो माझ्याकडे ‘तात्पुरता’ राहिला, त्याला एकवीस वर्षं झाली. पुढचा अर्धा तुझा की मागचा, हा वाद अजून सुटलेला नाही. हेडफोनचं भोक पुढे आहे म्हणून तू पुढच्यावर हक्क सांगायचास आणि मला मागच्या तारा द्यायचास. लबाड तो लबाडच.

दुकानदाराने ऐकून बघायला म्हणून एक मशीन आठ दिवस घरी दिलंय. नाव सांगत नाही, सांगितलं तर तू लगेच त्याची खोड काढशील. उचलताना कंबर धरली. ट्रे असा बाहेर येतो की, आपण उगाच सावरून बसतो. पहिल्या रात्री घर झोपल्यावर हेडफोन लावून ऐकलं आणि, सुध्या, तानपुऱ्याची जवारी अशी उलगडली की, मी बैठक मोडली नाही. खर्जाची तार छेडल्यावर तिच्यातून वरचे स्वर एकेक करून निघतात ना, ते मोजता येतील इतके सुटे. मनातल्या मनात मी तुला पत्रही लिहून टाकलं: ‘सीडी प्लेअर सगळे सारखेच, लाइन आउटपाशी (मागून ॲम्प्लिफायरकडे तार जाते तिथे) सगळी मशीनं सख्खी भावंडं’ हे जे तू आयुष्यभर सांगत आलास, ते धादांत खोटं आहे, ये आणि माफी माग.

ते पत्र पाठवलं नाही, हे नशीब.

दुसऱ्या दिवशी सहज मल्टिमीटर लावला. 1000 हर्ट्झचा चाचणीचा सूर वाजवून दोन्ही मशीनांच्या लाइन आउटला व्होल्टेज मोजलं. हत्ती 2 व्होल्ट, जसे बहुतेक प्लेअर देतात. नवा 2.3. म्हणजे सव्वा डेसिबलला थोडंच कमी. एवढा फरक ‘मोठा’ म्हणून जाणवत नाही, ‘सुंदर’ म्हणून जाणवतो. तेव्हा माझ्या जवारीतला किती भाग मशीनचा आणि किती त्या 0.3 व्होल्टचा, हा किडा डोक्यात शिरला. तो तूच पूर्वी कधीतरी सोडलेला किडा.

नीट परीक्षा घ्यायची तर दोन्ही मशीनांत एकच सीडी हवी, म्हणजे एकाच सीडीच्या दोन प्रती. माझ्याकडे दोन प्रती कशाच्या असणार? कपाट उपसायला बसलो. आणि आता ते दुसरं कारण.

मारव्याची ती सीडी. माझी. डबी उघडली, तबकडी उचलली, तर खाली त्याच खुंटीवर आणखी एक. तीच. तिच्या छापील बाजूवर बॉलपेनने, किरट्या अक्षरात, तुझं नाव.

होय. जिच्यासाठी तू बाळ्याशी चार वर्षं बोलला नाहीस ती. बाळ्याने शपथा घेतल्या, तू म्हणालास शपथा स्वस्त असतात, आणि मी मध्यस्थी करत हिंडत होतो! ‘जाऊ दे रे, एका सीडीसाठी काय’ असं शहाण्यासारखं बोलत होतो. मुद्दाम केलं नाही एवढंच म्हणतो. कधीतरी रात्री दोन्ही एकावर एक ठेवल्या गेल्या असणार. बाळ्याला अजून सांगितलेलं नाही. धीर होत नाही.

पण एक सांगू? बॉलपेनने लिहू नकोस म्हणून मी तेव्हा ओरडलो होतो, ते बरोबर होतं. लोक खालची चकचकीत बाजू जपतात. तिथे प्लॅस्टिकचा मिलिमीटरभर जाड थर आहे, ओरखडा घासून काढता तरी येतो. माहितीचा थर छापील बाजूला, लाखेच्या पातळ पापुद्र्याखाली. तिथे टोक रुतलं की कायमचं. तुझ्या नावातल्या ‘सु’च्या उकाराखाली हत्ती प्रत्येक वेळी ‘टक्’ करतो. नवं मशीन मुकाट्याने पुढे जातं. दोघांतला हा एवढा फरक मात्र मी डोळे मिटून, कधीही, पैजेवर ओळखू शकतो. म्हणून तेवढा तुकडा परीक्षेतून वगळावा लागला.

परीक्षा अशी. वेगळा हेडफोन ॲम्प्लिफायर, त्याला दोन्ही मशीनांची लाइन आउट, नव्याचा आवाज मल्टिमीटर धरून हत्तीच्या बरोबरीला आणलेला, दोन हातांत दोन रिमोट धरून एकाच क्षणी सुरू. माझी पाठ. माझी थोरली लेक, आमची मोठी, एक नाणं उडवणार, छापा की काटा यावर बटण फिरवणार, मी सांगायचं हत्ती की नवा. वीस वेळा. पोरगी निर्विकार चेहऱ्याने कागदावर खुणा करत होती, अगदी तुझ्यासारखी.

वीसपैकी अकरा. उत्तरंही नाणं उडवून दिली असती तर सरासरी दहा बरोबर आली असती. एक गुण माझ्या तीस वर्षांच्या रियाजाचा.

तर लिहून देतो: तू बरोबर होतास. जपून ठेव हा कागद, पुन्हा मिळणार नाही. निदान या दोन मशीनांपुरतं आणि माझ्या या दोन कानांपुरतं तरी. मशीन 20000 हर्ट्झपर्यंत जातं, मी अर्ध्या वाटेपर्यंत सोबत करतो. (बिटांच्या भांडणात मात्र मीच बरोबर, ते सोडणार नाही. सीडीवर आवाजाचा प्रत्येक नमुना 16 बिटांचा, पण 1982 साली सीडी आली तेव्हा फिलिप्सची पहिली मशीनं 14 बिटांची, तर तू काय म्हणायचास, सोळा आण्यांच्या मालातले चौदाच आणे हातावर ठेवतात, सोनीचे सोळाच्या सोळा. अरे, पण चौपट ओव्हरसॅम्पलिंग करून (एका नमुन्याच्या जागी चार) आणि गोंगाट ऐकू येण्याच्या पलीकडे ढकलून त्यांनी ते दोन आणे भरून काढले होतेच ना! तेव्हाही कबूल केलं नाहीस.)

मी हरलो असं समजून फार हसू नकोस, कारण गोष्ट इथे संपत नाही. लाइन आउटपर्यंत भावंडं, मान्य. पण मी ऐकतो कुठून? पुढच्या त्या भोकातून, तुझ्या अर्ध्यातून! आणि तिथे भावंडांची वाटणी झालेली आहे.

माझा जुना हेडफोन, सेनहायझर एचडी 600, हत्तीच्या भोकात कधी कुरकुरला नाही. मोठीने वाढदिवसाला नवा हेडफोन दिला, 32 ओहम अडथळ्याचा, तो लावला की डग्गा नुसता गुबगुबतो, बोटं ऐकूच येत नाहीत. मी बिचाऱ्या हेडफोनला नावं ठेवत होतो. झाकण उघडलंच होतं म्हणून बघितलं, तर हेडफोनच्या वाटेवर 120 ओहमचा रोधक बसवलेला. आता गणित कर. 32 ओहमच्या हेडफोनच्या वाट्याला व्होल्टेजचा जेमतेम पाचवा हिस्सा येतो. पण खर्जापाशी त्याचा अडथळा 80 पर्यंत चढतो, तिथे दोन पंचमांश. म्हणजे खर्ज साडेपाच डेसिबल फुगलेला. एचडी 600 मुळात 300 ओहमचा, खर्जात 500 च्या आसपास जातो, तिथे हाच फुगवटा जेमतेम एक डेसिबल. नव्या मशीनच्या भोकामागचा अडथळा एक ओहमपेक्षा कमी आहे. मोठीच्या हेडफोनवर तीच परीक्षा, या भोकातून त्या भोकात: दहापैकी दहा. काय म्हणतोस?

म्हणजे मशीन निवडताना लोक ज्यावर रात्र-रात्र भांडतात, ती चिप कुठली, बिट किती, ते सगळं एकीकडे. हेडफोनवाल्याने आधी ते भोक बघावं. बहुतेकांत ते ‘असावं म्हणून’ बसवलेलं असतं.

आता शहाणपणाचा मार्ग मलाही दिसतो, सांगू नकोस. हत्तीच्या मागे डिजिटल आउट आहे (माझा अर्धा!). तिथून तार काढून चांगल्या हेडफोन ॲम्पवाल्या डॅकला (बिटांचा आवाज करणाऱ्या पेटीला) द्यायची. हत्ती चालतोय तोवर तोच ट्रान्सपोर्ट, म्हणजे नुसती तबकडी वाचणारा, गेला की दुसरं कुठलंही साधं मशीन जोडायचं. बिट तेच राहतात, सेकंदाला 14 लाख 11 हजार. लेझर ही झिजणारी वस्तू, ती महागड्या पेटीत बंद करून कशाला ठेवायची? मोठी तर म्हणते, सगळ्या सीड्या एकदा कॉम्प्युटरवर उतरवून घ्या आणि सुटा. एसएसीडीचा (सीडीहून बारीक नोंदीच्या तबकड्यांचा) मोह होता, नवं मशीन तेही वाजवतं, पण माझ्याकडे तशा तबकड्या तीन, आणि दोन मला आवडत नाहीत.

सगळं पटतं. तरी रात्री त्या मशीनचा ट्रे बाहेर येतो, खोलीत दुसरा आवाज नसतो, मी तबकडी ठेवतो, तो आत जातो, आणि मला ते हवंय. वीसपैकी अकराच आले तरी हवंय. हे मी हिला सांगू शकत नाही, मोठीला तर नाहीच, तिच्याकडे तो खुणांचा कागद आहे. तुला सांगतो, कारण तू असाच कधीतरी तो रेडिओ घेऊन आला होतास आणि वहिनींना म्हणाला होतास, दुरुस्तीला आलाय.

आणि हत्ती दुकानदाराला द्यायचा म्हणजे तो त्याचं काय करणार, मला माहीत आहे. दुसऱ्या कुणाच्या तरी मशीनसाठी सुटे भाग काढणार. माझ्या दुरुस्तीवाल्यासारखाच कुणीतरी म्हणेल, एका मेलेल्या मशीनमधून आणलाय.

तू नव्या घरात राहायला गेलास हे बाळ्याकडून कळलं, अभिनंदन. वहिनींचा गुडघा कसा आहे? धाकट्याचं परदेशी जायचं ठरलं का? सविस्तर लिही, मी नक्की उत्तर देतो, यावेळी खरंच.

तुझी सीडी वेगळ्या पाकिटातून पाठवतोय, दोन पुठ्ठ्यांमध्ये. बाळ्याला रविवारी मी स्वतः सांगणार आहे, तोवर तू फोन करू नकोस. नवं मशीन सोमवारी परत द्यायचंय किंवा ठेवून घ्यायचंय. त्याआधी तुझ्या अर्ध्याचं काय करायचं तेवढं कळव.

तुझा,
बंड्या