विषय: 100 तासांच्या इन्स्पेक्शननंतर ऑइल फिल्टर सैल, हवेत इंजिन बंद

नमस्कार साहेब,

मी तुमच्याकडे सीपीएल (कमर्शियल पायलट लायसन्स) करतेय, 112 तास झालेत. मंगळवारी जे सेसना 172 शेतात उतरवावं लागलं त्यात डाव्या सीटवर मी होते. काल ऑफिसमध्ये विचारलं तर म्हणाले, मशीन आहे, होतं कधीतरी. मला हे मान्य नाही.

शनिवारी त्या विमानाचं 100 तासांचं इन्स्पेक्शन झालं, ऑइल आणि फिल्टर बदलला. सोमवारी माझ्या बॅचमेटला लँडिंगनंतर पोटाखाली ऑइलचे ओघळ दिसले, पार टेलपर्यंत गेलेले. हँगरमध्ये सांगायला गेला तर उत्तर मिळालं की भरताना सांडलं असेल, फडक्याने पुसून घे. स्नॅग (बिघाडाची नोंद) लिहू का म्हणाला तर, लिहिलास की विमान ग्राउंड होणार, फ्लाइंग तुमचंच बंद पडेल. बिचाऱ्याने पुसलं. मंगळवारी मी प्री-फ्लाइट केलं तेव्हा पोट स्वच्छ, डिपस्टिकवर (ऑइल मोजायच्या पट्टीवर) 7 क्वार्ट, म्हणजे रात्री कुणीतरी टॉप-अप केलं असणार, पण टेक लॉगमध्ये (विमानाच्या नोंदवहीत) ना लीकची नोंद ना ऑइल भरल्याची, मग मला कळणार कुठून?

टेकऑफनंतर वीसेक मिनिटांनी, 2500 फुटांवर, जळक्या ऑइलचा वास आला आणि बघते तर ऑइल प्रेशरचा काटा लाल रेषेच्या खाली. शेजारी बसलेल्या इन्स्ट्रक्टर सरांनी कंट्रोल घेतला, रनवेकडे वळवलं, तेवढ्यात खडखड सुरू झाली आणि प्रॉप (पुढचा पंखा) थांबला. ती शांतता अजून झोपू देत नाही. सरांनी 68 नॉटचा ग्लाइडचा वेग धरून दोन उसाच्या फडांमधल्या कापलेल्या गव्हाच्या रानात उतरवलं. नोज व्हील मोडलं, माझं मनगट मुरगळलं, बाकी आम्ही दोघं ठीक. सरांचे उपकार आहेत.

कावलिंग (इंजिनावरचं झाकण) काढलं तेव्हा मी तिथेच होते. क्रँककेसला (इंजिनाच्या कवचाला) भोक पडलेलं, आणि फिल्टरला लॉकवायरच (तो सैल होऊ नये म्हणून बांधायची तार) नव्हती, फोटो आहे माझ्याकडे. फिल्टर बदलल्यावर ग्राउंड रन (जमिनीवरच इंजिन चालवून बघणं) घ्यायचा, मग लीक तपासायचा, हे आम्हाला तुमच्याच क्लासमध्ये शिकवलंय. तो तपासला कुणी आणि रिलीजवर (विमान उडवायला योग्य असल्याच्या दाखल्यावर) सही कुणी केली?

मला त्या इन्स्पेक्शनच्या वर्कशीटची आणि रिलीज सर्टिफिकेटची कॉपी पाहिजे, डीजीसीए (विमान वाहतूक नियामक) आणि एएआयबीला (विमान अपघात तपास विभाग) काय कळवलंत ते लेखी पाहिजे, आणि त्याच टीमने केलेली बाकीची विमानं आधी परत तपासा, कारण आज सकाळी पण त्यातलं एक सोलोला (स्टुडंट एकटाच) गेलंय. पैशाचं नंतर बोलू, पप्पांनी लोन काढून फी भरलीय पण तो मुद्दा दुसरा.

आणि स्नॅग लिहिणाऱ्या स्टुडंटचं फ्लाइंग थांबवलं जाणार नाही असं नोटीस बोर्डवर सहीनिशी लावा. हे सगळं होईपर्यंत मी तुमच्या कुठल्याच विमानात बसणार नाही.

तुमची विद्यार्थिनी