बाराच माणसं

ती. आई-बाबा,
सा. न.

घरी स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाची सेवा करणाऱ्या बायकांवरच्या माझ्या थीसिसबद्दल परवा फोनवर बाबांनी विचारलं, "किती लोकांचा सर्व्हे केलास?" मी "बारा" म्हटलं आणि बाबा, तुम्ही गप्पच झालात. बँकेत आयुष्यभर आकडे जुळवलेल्या माणसाला बारा फारच कमी वाटणार, हे मला कळतं. फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहितेय.

आकड्यांचं संशोधन मला कमी लेखायचं नाही. घरी स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाची सेवा करणाऱ्यांत नैराश्य किती, हे शोधायचं तर प्रश्नावलीच हवी आणि माणसंही शेकड्यांनी हवीत. पीएचक्यू-9 नावाची नऊ प्रश्नांची प्रश्नावली त्यासाठी बरीच वापरतात. गेल्या दोन आठवड्यांत झोप कशी होती, भूक कशी होती, असे प्रश्न. प्रत्येक उत्तराला 0 ते 3 गुण, बेरीज जास्तीत जास्त 27. समजा एका बाईंची बेरीज 14 आली. त्रास किती आहे ते समजलं. पण चाळीस वर्षांचा संसार झालेला नवरा तिला "ताई" म्हणून हाक मारतो, तेव्हा ती ओ देते की नाही? ते त्या 14 मध्ये सापडत नाही. माझं काम तिथून सुरू होतं.

मी फक्त म्हणते, "तुमचा दिवस कसा जातो ते सांगा." मग गप्प बसते. हे गप्प बसणंच शिकायला मला वर्ष लागलं. नंतर रेकॉर्डिंग शब्दन् शब्द उतरवून काढायचं, हुंदके आणि थांबणंसुद्धा. तासाभराच्या बोलण्याला माझे सहा तास जातात. मग एकेका ओळीशेजारी तिचा अर्थ दोन शब्दांत लिहायचा, एकीचं बोलणं दुसरीच्या बोलण्याशेजारी ठेवून पाहायचं. नावं मात्र सगळ्यांची बदललेली. खरी नावं तुम्हालाही सांगणार नाही.

ग्लेझर आणि स्ट्रॉस या दोन अमेरिकन समाजशास्त्रज्ञांनी 1967 साली ही पद्धत पुस्तकात मांडली. त्याआधी ते सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या रुग्णालयांत मरणपंथाला लागलेल्या रुग्णांजवळ वावरले होते. तिथे त्यांना दिसलं, की रुग्णाला माहीत असतं, भोवतीच्यांनाही माहीत असतं आणि दोघंही माहीत नसल्यासारखं वागतात. बाबा, हे कुठल्या प्रश्नावलीत आधीच लिहून ठेवता आलं असतं? नव्या मुलाखतीतून नवं काही हाती येईनासं झालं की थांबायचं, हाही त्यांचाच धडा. माझ्याकडे दहाव्या मुलाखतीनंतर तेच तेच येऊ लागलं. खात्रीसाठी आणखी दोन घेतल्या. या बारा जणींवरून "महाराष्ट्रात इतके टक्के" असं मला लिहिता येणार नाही, आणि मी लिहिणारही नाही.

आई, आता तुझ्यासाठी. चौथ्या मुलाखतीत एक बाई म्हणाल्या, "कधी कधी वाटतं, सुटावेत एकदाचे. ते आणि मीही." आणि मी घाईने औषधांचं विचारलं. रेकॉर्डिंग ऐकताना माझाच आवाज मला सहन होईना. गाईडबाईंनी सांगितलं, तू का घाबरलीस ते आधी वहीत लिही. आपण कोण आहोत, घरून काय घेऊन आलोय, हे तपासणं या पद्धतीत टाळता येत नाही. लिहायला बसले तर पानभर तूच आलीस. आजीचं सगळं तू केलंस, आणि मी तुझ्या तोंडून एकदाही कुरकुर ऐकली नाही. सेवा करणाऱ्या बाईला राग येत नाही, असं मी धरूनच चालले होते. तुला कधी विचारलंच नाही. त्या बाईंकडे मी पुन्हा गेले, त्यांची हरकत नाही ना ते पाहून तिथूनच बोलणं सुरू केलं. त्या दोन तास बोलल्या.

गणपतीला चार दिवस येतेय. आजीच्या खोलीतली ती सहा वर्षं तुझी कशी गेली, ते मला ऐकायचंय. थीसिससाठी नाही, रेकॉर्डर इथेच ठेवून येईन. बाबा, तुम्हीही बसा आमच्याजवळ.

तुमची,
धाकटी