नोबेलचा ठराव पाठवायचा कुठे?

महोदय,

गेल्या आठवड्यात उद्यमनगरातल्या एका सत्कारात ‘आमच्या साहेबांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळावे’ असा ठराव टाळ्यांच्या कडकडाटात मंजूर झाला. टाळ्या मीही वाजवल्या. माणूस कष्टाळू, भट्टीसमोर उभं राहून मोल्डिंग शिकलेला. पण ठराव पाठवणार कुठे?

या पुरस्कारासाठी कुणीही उठून नाव सुचवू शकत नाही. समिती ज्यांना बोलावते किंवा जे नियमात बसतात, म्हणजे आधीचे मानकरी, ठरावीक प्राध्यापक वगैरे, त्यांनीच सुचवायचे. ती नावेही ५० वर्षे गुप्त! इथे तर दुसऱ्याच दिवशी चौकात फ्लेक्स लागला, फेट्यासकट.

शिवाय स्वीडनच्या मध्यवर्ती बँकेने १९६८ मध्ये सुरू केलेला हा मान संशोधनाचा, उलाढालीचा नव्हे. २००९ मध्ये तो मिळालेल्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी नेपाळातले शेतकरी पाटाचे पाणी आपसात कसे वाटून घेतात, हेही अभ्यासले होते. आपल्या पंचगंगाकाठी सहकारी पाणीपुरवठा संस्था आहेतच की! साहेबांनी त्यांच्यावर संशोधन करणाऱ्या शिवाजी विद्यापीठातल्या एखाद्या पोराला शिष्यवृत्ती द्यावी. फ्लेक्सच्या पैशांतून सुरुवात होईल.

– एक वाचक, कोल्हापूर