शौचालयात सरपण, कोर्टात टक्केवारी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

समाजशास्त्राच्या संशोधनाला कोर्टांनी आता तरी पुराव्याचा मान द्यावा, असं सांगणारा आपल्या पुरवणीतला लेख काल वाचला. लेखक विद्वान आहेत, भाषाही गोड आहे. पण अमेरिकेतल्या बाहुल्यांची गोष्ट त्यांनी अशी रंगवलीय, की १९५४ साली तिथल्या सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी बाहुल्या बघूनच काळ्या-गोऱ्या मुलांच्या वेगळ्या शाळा बेकायदा ठरवल्या असं वाटावं. काळ्या मुलांपुढे काळी आणि गोरी बाहुली ठेवून कुठली आवडते ते विचारणारे मानसशास्त्रज्ञ म्हणजे क्लार्क पती-पत्नी. त्यांच्या कामाचा त्या निकालात उल्लेख आहे तो अकराव्या तळटीपेत. आणि त्यांच्याच प्रयोगात उत्तरेकडच्या, गोऱ्यांसोबत एकाच शाळेत बसणाऱ्या काळ्या मुलांनीही गोरीच बाहुली पसंत केली होती, दक्षिणेतल्या मुलांपेक्षा थोडी जास्तच. हे लेखात का नाही? निकाल शंभर टक्के बरोबर होता. बाहुल्या नसत्या तरी तो बरोबरच होता, एवढंच माझं म्हणणं.

बरं, त्याच कोर्टापुढे १९८७ साली जॉर्जिया राज्यातल्या दोन हजारांवर खून प्रकरणांचा अभ्यास आला होता. मेलेला माणूस गोरा असेल तर मारणाऱ्याला मृत्युदंड होण्याचं प्रमाण चौपटीहून जास्त, असं त्यात निघालं. कोर्ट म्हणालं, अभ्यास खरा धरून चालू, पण या आरोपीवर अन्याय झाला हे त्यातून कुठं ठरतं? पाच विरुद्ध चार. १९९१ मध्ये त्या आरोपीला, मॅक्लेस्कीला, विजेच्या खुर्चीत बसवलं. लेखात हेही नाही. गैरसोयीचं असावं.

असो. अमेरिकेचं अमेरिकेपाशी. मला बोलायचंय ते ‘शास्त्रशुद्ध पद्धतीने गोळा केलेली माहिती’ या पाच शब्दांवर. कारण ती माहिती गोळा करणाऱ्यांत मी होतो.

कोणतं सर्वेक्षण ते लिहीत नाही. पेन्शन चालू आहे, ती चालू राहावी अशी इच्छा आहे. निवृत्तीच्या आधीच्या हिवाळ्यात आम्हा मास्तरांच्या हातात एक अ‍ॅप दिलं. प्रशिक्षण दोन तास, त्यातला एक तास प्रोजेक्टर लागेना म्हणून गेला. प्रश्न शंभराच्या वर आणि मुदत मोजक्या दिवसांची. एका प्रश्नाचं उत्तर भरल्याशिवाय पुढचा उघडत नाही. गावात रेंज नाही, म्हणून घरोघरी धाब्यावर चढून माहिती पाठवायची. गुडघे माझे, संशोधन त्यांचं.

पारोळा तालुक्यातलं एक घर सांगतो. ओसरीत आजीबाई एकट्या, शेंगा फोडत बसलेल्या. मी विचारलं, घरात शौचालय आहे का? त्या म्हणाल्या, “शे ना गुरजी, पन तठे सरपन भरेल शे.” अ‍ॅपमध्ये दोनच गोल होते, ‘होय’ आणि ‘नाही’. सरपणासाठी गोल नव्हता. मी मोबाइल धरून उभा. दार उघडून बघितलं तर खरंच तुरकाठ्या आणि पऱ्हाट्या छताला टेकलेल्या, भांडं दिसतसुद्धा नव्हतं. मी ‘होय’ दाबलं.

पुढं प्रश्न आला, तुमच्या समाजात विधवा कुंकू लावतात का? आजींच्या कपाळावर हिरवं गोंदण होतं, बाकी काही नव्हतं. त्यांनी वर बघितलं, म्हणाल्या, “इचारा ना.” संपादक महाराज, तो प्रश्न मी विचारलाच नाही. माझी जीभ उचलली नाही. उत्तर मात्र भरलं, कारण नाहीतर पुढचा प्रश्न उघडला नसता. त्या घरची माहिती पाठवली तेव्हा स्क्रीनवर हिरवी खूण आली.

असलीच माहिती पुढं कोर्टात जाते. तिथं तिचा तक्ता होतो, तक्त्याला प्रतिज्ञापत्र जोडलं जातं आणि मोठमोठे वकील त्यातल्या दशांश चिन्हावरून तासन्‌तास भांडतात. आरक्षणाच्या या रिट याचिका कागदांवर चालतात, साक्षीदार पिंजऱ्यात येत नाहीत. गावच्या बांधाच्या भांडणात तलाठ्याला उभं करून वकील घाम फोडतो, आणि अख्ख्या समाजाचं भवितव्य ज्या आकड्यांवर ठरणार ते भरणाऱ्या एकालाही कोणी विचारत नाही, की गुरुजी, हे ‘होय’ तुम्ही कुठं उभं राहून दाबलं? १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या साक्ष कायद्याच्या कलम ३९ मध्ये तज्ज्ञांच्या मतासाठी विज्ञान, कला यांच्या जोडीला ‘अन्य कोणतेही क्षेत्र’ही आलंय. छान. तज्ज्ञाला दार मोठं केलंत, पण त्या तज्ज्ञाच्या हातात आकडा कुठून आला ते बघायची खिडकी कुठाय?

आणि आकडे एकदा आत शिरले की त्यांचं होतं काय? मराठा आरक्षणात एका आयोगाचा अहवाल २७ जून २०१९ रोजी मुंबईत हायकोर्टाला पटला. ५ मे २०२१ रोजी दिल्लीत सुप्रीम कोर्टाने तेच तक्ते वाचले आणि उलटा अर्थ काढला. कोण चूक, कोण बरोबर, या वादात मी पडत नाही, गावात राहायचंय. पण तक्ता एक आणि अर्थ दोन, तर त्याला पुरावा म्हणायचं की पत्रिका?

आडनावांचा घोळ तर विचारूच नका. २०२२ मध्ये ओबीसींची लोकसंख्या मतदारयाद्यांतल्या आडनावांवरून काढल्याची ओरड झाली तेव्हा आम्ही पारावर हसून हसून मेलो. खान्देशात पाटील म्हटल्यावर तुम्ही काय ओळखणार? मराठा पाटील, लेवा पाटील, गुजर पाटील, कोळी पाटील, राजपूत पाटील. चौधरींचं तेच, महाजनांचंही तेच. आमच्या एकाच गल्लीतल्या तीन पाटलांचे तीन दाखले आहेत, आणि टपाल मात्र तिघांचंही चौथ्याच्या घरी जातं. धुळे-नंदुरबारच्या जिल्हा परिषदांतल्या ओबीसी सदस्यांची पदं २०२१ मध्ये कोर्टाच्या निकालाने गेली, पोटनिवडणुका लागल्या, ते ह्याच ‘इम्पिरिकल डेटा’पायी, म्हणजे मोजून काढलेली आकडेवारी नव्हती म्हणून. तेव्हा हा शब्द आमच्याकडे पानटपरीवरसुद्धा पाठ झाला होता. उच्चार ‘अंपायर डाटा’.

लेखक महाशयांना माझं सविनय निमंत्रण आहे. एक दिवस इकडं या. पुण्याहून रात्रीची एसटी सकाळी उतरवते. माझ्यासोबत चार घरं फिरा, धाब्यावर मी चढवतो. मग पुन्हा लेख लिहा. आणि कोर्टाला मला साक्षीला बोलवायचं असेल तर मी तयार आहे. ‘होय’ मीच दाबलं असं शपथेवर सांगेन. कुंकवाचंही सांगेन.

आपला,
एक निवृत्त जि. प. शिक्षक, ता. पारोळा
(नाव छापू नये)

ता. क. : आमच्या भागाला आपण दर पानावर ‘उत्तर महाराष्ट्र’ का म्हणता? खान्देश लिहायला शाई जास्त लागते का? यावर मागंही एक पत्र पाठवलं होतं. त्यातला नेमका हाच परिच्छेद कापून आपण फक्त रस्त्यावरच्या खड्ड्यांचं छापलंत. खड्डे अजून तसेच आहेत.